बेशरम कोण?

आपल्या मराठी माणसांची एक रीत आहे. एखाद्या गोष्टीशी भांडण काढायचे झाले की आपण आधी तिला नाव ठेवतो, आणि नाव ठेवून झाले की भांडण जिंकल्याच्या थाटात घरी परततो. उग्र वासाच्या एका काटेरी झुडपाला आपण घाणेरी म्हटले. रान मोडते म्हणून दुसऱ्याला रानमोडी म्हटले. १९५० च्या दशकात पुण्याच्या बाजूला पांढऱ्या फुलांचे एक नवेच गवत दिसू लागले, तर त्याला चक्क एका राजकीय पक्षाचे नाव देऊन आपण मोकळे झालो. आणि आमच्या झाडीपट्टीत तलावांच्या काठांवर, नाल्यांच्या तोंडाशी, बोड्यांच्या गाळात जे जांभळट गुलाबी फुलांचे रान माजले आहे, त्याला आम्ही बेशरम म्हणतो. तोडले तरी फुटते, उपटून फेकले तर फेकल्या जागी मूळ धरते, उन्हाळ्यात मरत नाही, पाण्यात कुजत नाही, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. मग त्याला दुसरे काय म्हणायचे?

माझा आक्षेप या नावालाच आहे. शरम ज्याच्यापाशी असते, त्यालाच ती सोडता येते. झाडाला बिचाऱ्याला ती मुळात मिळालेलीच नाही. ते आपला धर्म पाळते. ऊन दिसले की तिकडे वाढते, ओल लागली की मूळ सोडते. शरम असलीच तर ती माणसापाशी असायला हवी. त्याने हे झाड आणले, लावले, वाढू दिले, पाहुण्यांना फांद्या तोडून दिल्या, आणि आवरेनासे झाल्यावर हात झटकून त्यालाच निर्लज्ज ठरवले. दिवाळीत घरोघरी फराळाची ताटे फिरत असताना असला कडू विषय काढते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण अंगणे झाडण्याचे, कुंपणे सारखी करण्याचे आणि आल्यागेल्याच्या हाती रोपे देण्याचे दिवसही हेच आहेत. तेव्हा हे बोलायचे तर आजच बोलले पाहिजे.

मी सौंदडची. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, आणि घराघरामागे एखादी सांदवाडी, म्हणजे शहरातले लोक जिला परसबाग म्हणतात ती. या सांदवाडीत हात मातीत घालून मी जे शिकले, ते थोडक्यात असे: कुंपण ओलांडणारा वेल ही लावणाऱ्याची खासगी हौस उरत नाही, तो गावाचा प्रश्न होतो. आणि असला वेल शिव्यांनी जात नाही, वर्षातून एकदा चालवलेल्या विळ्याने जात नाही, बाटलीतल्या औषधानेही जात नाही. तो हातांनी जातो, चिकाटीने जातो, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरे काही लावले तरच कायमचा जातो. एवढेच माझे म्हणणे आहे. पण या एवढ्याशा म्हणण्याला विरोध करणारे इतके आहेत की त्यांचा एकेकाचा समाचार घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. या उपद्रवी वनस्पती कोठून तरी चोरपावलांनी शिरल्या, असे पुष्कळांना वाटते. इतिहास वेगळेच सांगतो. यांतल्या बहुतेक आमंत्रणावरून आलेल्या आहेत. घाणेरी, म्हणजे आमच्याकडची रायमुनिया, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आणली गेली. आज ती एवढी पसरली आहे की २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देशातील वाघांच्या वनक्षेत्रापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागावर तिचे आक्रमण झाल्याचे दिसले. जिथे मोकळी जागा असते तिथे ती झुडूप असते. जिथे आधाराला झाड मिळते तिथे ती त्याच्या अंगावरून थेट शेंड्यापर्यंत चढते. जलपर्णी त्याच शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, तीही जांभळ्या फुलांच्या हौसेपायी. बेशरमाचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. गुरे खात नाहीत आणि फांदी खोचली की लागते, म्हणून तो कुंपणासाठी लावला गेला. त्या कुंपणातून तो कधी बाहेर पडला हे कोणी पाहिले नाही.

हा बेशरम वेल म्हणावा तर धड वेल नव्हे, झाड म्हणावे तर धड झाड नव्हे. उपासाचे रताळे ज्या कुळातले, त्याच कुळातला तो. पहाटे निळी फुले उघडणारी शोभेची वेलही त्याच्याच नात्यातली. लांब, पोकळ, वाकड्या फांद्या एकमेकींच्या खांद्यावर टाकून तो पुढे सरकतो. म्हणजे कुळाचा गुण सुटलेला नाही. फक्त चढायला दुसऱ्याचे झाड न मिळाल्यास तो आपल्याच भावंडांवर चढतो.

आमंत्रणाची हौस फक्त आपल्यालाच आहे असेही नाही. जपानातला कुडझू नावाचा वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात अमेरिकेने पाहिला. ओसरीवर सावली बरी पडते म्हणून लोकांनी तो लावला. पुढे १९३० आणि १९४० च्या दशकांत खुद्द सरकारच्या मृदसंधारण खात्याने, जमिनीची धूप थांबेल म्हणून, शेतकऱ्यांना एकरी ८ डॉलरपर्यंत पैसे देऊन त्याची लागवड करवली. १९५३ साली शिफारशीच्या यादीतून त्याचे नाव काढले गेले, १९७० साली तो तण ठरला. तोवर दक्षिणेकडच्या राज्यांत त्याने झाडे, विजेचे खांब, पडकी घरे सगळे हिरव्या गोधडीखाली घेतले होते. आधी पैसे देऊन लावायचा आणि नंतर पैसे देऊन उपटायचा, असा तो व्यवहार. तेव्हा वेलाच्या बाबतीत शहाणपण शिक्षणाने किंवा श्रीमंतीने येते, अशा समजुतीत कोणी राहू नये.

आता इथे एक मंडळी टाळ्या वाजवायला पुढे येतील. ते म्हणतील, बरोबर आहे, परदेशी झाडे आली आणि आपला सत्यानाश झाला. जे जे बाहेरचे ते ते उपटा. या मंडळींची टाळी मला नको आहे. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला ज्याच्या माळा आपण दाराला बांधल्या, तो झेंडू मेक्सिकोकडचा. फराळाच्या चिवड्यातली मिरची अमेरिकेची, त्यातले शेंगदाणेही तिकडचेच. पेरू, सीताफळ, टोमॅटो, बटाटा ही सगळी समुद्रापलीकडची पाहुणे मंडळी. पण ती येऊन घरची झाली. झेंडू पेराल तिथे उगवतो, आणि पेरणे सोडले की आपली पायरी ओळखून बाजूला होतो. उलट अमरवेल पाहा. पिवळ्या दोऱ्यांचे ते जाळे अस्सल इथलेच. पण बोरीवर किंवा मेहंदीवर बसले की तिचा रस शोषून तिला वाळवल्याखेरीज उठत नाही. म्हणजे प्रश्न मुलखाचा नाही, वागणुकीचा आहे. कोकणात नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडतात. ते कडू फळही एका रानवेलीचेच. पण तिने कोणाचे घर बुडवल्याचे मी ऐकलेले नाही. बिचारीच्या फळाला नरकासुराचा मान, आणि खरा असुर मात्र फाटकावर कमान करून पाहुण्यांचे स्वागत करतो आहे!

हा फाटकावरचा असुर म्हणजे आईसक्रीम वेल. गुलाबी फुलांचे झुबकेच्या झुबके लागतात, मधमाश्या गुणगुणतात, आणि एका पावसाळ्यात कमान भरते. म्हणून रोपवाटिकेपासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळीकडे त्याला मागणी आहे. आमच्या शेजारी तो तीन वर्षांपूर्वी आला. पहिल्या पावसाळ्यात कमान भरली. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या भिंतीवरून त्याने सांदवाडीत पाय टाकला. तिसऱ्या पावसाळ्यात आमचा शेवगा दिसेनासा झाला, लिंबाला फुले धरली नाहीत आणि न्हाणीघराची कवेलू त्याच्या ताणांनी एकेक करून सरकू लागली. मी शेजारच्या बाईंना सांगायला गेले, तर त्या अगदी मनापासून आश्चर्य करीत म्हणाल्या, “का जी वहिनी, येवढी साजरी फुलं, अन् तुमी तोडा म्हन्ता?”

बाई भल्या आहेत. आमचे एकमेकींकडे जाणेयेणे आहे, त्यांच्याकडच्या अनरशांची सर आमच्या घरच्या अनरशांना नाही. तरी त्यांच्या या प्रश्नातच साऱ्या उपद्रवाचे मूळ आहे, असे माझे मत आहे. फुले साजरी आहेत, हे कबूल. पण सुंदर असणे हा काही शेजाऱ्याच्या अंगणात शिरण्याचा परवाना नव्हे. वेल या प्राण्याची सगळी करामत काय असते ते पाहावे. झाड आपल्या मिळकतीतला मोठा वाटा खोडावर खर्च करते, वर्षानुवर्षे लाकूड जमवते, तेव्हा कुठे त्याला उंची लाभते. वेल खोडाचा हा खर्चच करीत नाही. दुसऱ्याने कमावलेली उंची तो उसनी घेतो, वर पोचला की दुसऱ्याच्याच वाट्याचे ऊन खातो, आणि वाचवलेली सगळी पुंजी पुढच्या चढाईला लावतो. खालच्या झाडाला ऊन मिळत नाही, पाने गळतात, ओझ्याने फांद्या मोडतात. बाहेरून बघणाऱ्याला मात्र हिरवेगार दिसते. हिरवे दिसते ते सगळे जिवंत असते, हा भ्रम जितका गोड तितकाच घातक आहे. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट युस्टेशस नावाच्या छोट्या बेटावर हाच आईसक्रीम वेल शोभेसाठी नेला गेला होता. आज तिथल्या टेकड्यांवरून त्याला उतरवायचे कसे, या चिंतेत तिथले लोक आहेत. आमचे सौंदड काही बेट नाही, पण आमच्या शेवग्याला ते बेटासारखेच वाटले असणार.

दुसरी मंडळी विळेवाल्यांची. हे लोक फुलांना भुलत नाहीत. त्यांना साफसफाईची आवड असते, पण ती वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी चार दिवस. विळा परजून ते वेल कमरेपासून कापतात, भारे बांधतात, आणि घाम पुसत म्हणतात, संपवला एकदाचा! त्यांनी संपवलेले काहीच नसते. आईसक्रीम वेलाची खरी तिजोरी जमिनीखाली असते. त्याच्या मुळांना कंद धरतात, आणि वरचे सगळे कापून नेले तरी त्या कंदांच्या पुंजीवर तो पुन्हा कोंब काढतो. वर्षातून एकदा कापणे म्हणजे त्याची हजामत करणे होय. हजामतीने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही.

बरे, कापलेले भारे जातात कुठे? तेही पाहू. गावात कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले: नाल्यात. आपल्या कुंपणाबाहेर गेले म्हणजे जगाबाहेर गेले, असे आपले भूगोलाचे ज्ञान आहे. पण आईसक्रीम वेलाचे बी पाण्यावर तरंगते, आणि बेशरमाची तोडलेली फांदी वाहत जाऊन जिथे थांबेल तिथे पेरापेराला मुळे सोडते. नाला बोडीत जातो, बोडीचे पाणी तलावात किंवा ओढ्यात, ओढा चुलबंद नदीत, आणि चुलबंद पुढे वैनगंगेत. म्हणजे दिवाळीच्या आधी आपण जी केली तिला साफसफाई म्हणतात की पेरणी, याचा निर्णय वाचकांनीच करावा. आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटणारीला आपण सगळ्या जणी नावे ठेवतो. मग आपल्या बागेतला वेल गावाच्या तलावात लोटणाऱ्याला काय म्हणावे? बेशरम हा शब्द इथे वापरला तर मात्र माझी हरकत नाही.

तिसरी मंडळी बाटलीवाल्यांची, आणि अलीकडे यांचाच जोर आहे. कशाला कमरेचे मोडून घेता, म्हणतात. एक बाटली आणा, पंपात घाला, फवारा, आठ दिवसांत सगळे पिवळे! यांची लाडकी बाटली ग्लायफोसेटची. हे औषध पानांतून आत शिरते आणि मुळांपर्यंत जाते, ही त्याची कीर्ती खरी आहे. त्याचा माणसाला काय अपाय होतो, यावर जगात वाद चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याला ते मान्य झाले नाही. त्या वादात निवाडा देण्याइतकी मी शहाणी नाही. पण आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून, कीडनियंत्रणाचा धंदा करणाऱ्या प्रशिक्षित माणसांखेरीज इतरांनी ते वापरू नये असे ठरवले, हे तरी बाटलीवाल्यांनी ऐकलेले असावे. ऐकलेले असूनही ते पंप पाठीला लावून, तोंडाला फडकेसुद्धा न बांधता, विहिरीच्या काठाने हिंडत असतील, तर त्यांच्या धैर्याला माझा दुरूनच नमस्कार.

आणि समजा, त्या औषधाने माणसाचे केसभरही वाईट होत नाही. तरी त्यांना मी एवढेच विचारीन: बाबांनो, फवारणार कुठे? वेल काही बांधीतल्या धानासारखा ओळीने एकटा उभा नसतो. तो लिंबाच्या फांदीफांदीत गुंतलेला, शेवग्याच्या पानापानांत मिसळलेला असतो. हे औषध हिरवे म्हणून जे जे असेल त्याला मारते. चोर कोण आणि घरधनी कोण, हे त्याला कळत नाही. ज्याच्या रक्षणासाठी युद्ध मांडले त्याचाच आधी बळी द्यायचा, याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणण्याचीही सोय नाही. इथे बंब आगीतच तेल ओततो. बोटे मात्र वेल आणि फांदी यांतला फरक अंधारातसुद्धा ओळखतात. त्या बोटांना आळस आला, म्हणून बाटलीला बुद्धी येत नाही.

चौथी आणि शेवटची मंडळी सर्वांत मोठी. ही म्हणते, हे काम सरकारचे आहे. एवढे तलाव, एवढे नाले, एवढा बेशरम. एकट्यादुकट्याच्या हाताने काय होणार? या मंडळींना मी आमच्याच तलावांची गोष्ट सांगते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जे हजारो तलाव आहेत, त्यांतले पुष्कळ कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. उतार ओळखून पाळ घालायची, पाणी अडवायचे आणि पाटाने धानाला द्यायचे, ही त्यांची विद्या. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता; तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. त्यासाठी आसवे गाळणारी मी नव्हे. पण तळे राखील तो पाणी चाखील, ही जुनी म्हण. इथे राखणारा कोण, हेच कोणाला कळेना. कागदावर त्यांचे नाव झाले माजी मालगुजारी तलाव, आणि लोक म्हणू लागले मामा तलाव. मामा आहे, पण भाचा कोणी व्हायला तयार नाही, अशी त्या तलावांची गत झाली. गाळ साचला, काठ उथळ झाले, आणि मोकळ्या उथळ जागेत बेशरमाने बिऱ्हाड केले. जिथे मासळी अंडी घाली, पक्षी चरत, तिथे पोकळ काड्यांचे रान उभे राहिले. त्याची पाने शेळ्यामेंढ्यांना विषारी. आणि ज्यांचे पोटच तलावावर, त्या ढीवर समाजाच्या जाळ्यात मासळीऐवजी काड्याच येऊ लागल्या.

आता पुढचे ऐका. आमच्या सडक अर्जुनी तालुक्याला लागूनच अर्जुनी मोरगाव तालुका आहे. तिथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि गावोगावचे ढीवर स्त्रीपुरुष यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांनी आधी बेशरमाला शिव्या दिल्या नाहीत. आधी जुन्या जाणत्यांना विचारले, की हे रान माजण्यापूर्वी तलावात काय होते? कोणती पाणवनस्पती कुठल्या खोलीवर वाढे, कोणती मासळी तिच्या आसऱ्याला राही, हे ज्ञान त्या लोकांपाशी होतेच. कोणी विचारले नव्हते, एवढेच. मग पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट काढला, तळाची जमीन उखळून घेतली, आणि दुसऱ्या तलावांतून पाण्याखाली वाढणाऱ्या आणि पाण्यावर तरंगणाऱ्या देशी वनस्पती आणून तिथे लावल्या. बांधीत धानाचे परे लावावेत तसे, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बायकांनी हे काम केले. मासळी वाढली, पक्षी पुन्हा उतरू लागले.

या उदाहरणात मला सर्वांत मोलाचे वाटते ते उपटणे नव्हे. उपटणे आपण सगळेच अधूनमधून करतो. मोलाचे आहे ते लावणे. आपण तण काढतो आणि जमीन उघडी टाकून घरी जातो. उघडी जमीन म्हणजे ज्याचा कोणी वाली नाही असे शेत. पहिल्या सरीला ते जो धावून येईल त्याचे होते, आणि धावण्यात बेशरमाचा हात कोण धरणार? तलावाला जे लागू, तेच सांदवाडीला लागू. म्हणून सरकारची वाट पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की सरकारने करायचे ते त्याला अवश्य करायला लावा, अर्ज करा, ग्रामसभेत उभे राहून विचारा. पण आपल्या भिंतीवरचा वेल उतरवायला तहसीलदार येणार नाही, आणि येऊही नये.

मग करावे काय? बाई नुसते तोंड चालवते असे कोणी म्हणू नये, म्हणून जे मी करते ते सांगते. वेल फुलावर असतानाच, बी पक्व होण्याच्या आत, जमिनीलगत कापावा. पाऊस नुकताच उघडलेला असतो, माती मऊ असते. सब्बल घालून कंद हाताला लागतील तेवढे खणून काढावेत. झाडावर चढलेला भाग ओढू नये, ओढला की आपल्याच झाडाची फांदी मोडते. मूळ तुटल्यावर तो जागच्या जागी वाळू द्यावा आणि मग अलगद सोडवावा. काढलेले कंद आणि वेल मातीवर टाकू नयेत. फरशीवर किंवा पत्र्यावर कडक उन्हात वाळवावेत. नाल्यात काही म्हणता काही जाऊ नये. त्यानंतर दर आठपंधरा दिवसांनी त्या जागी एक फेरी मारावी आणि जो कोंब दिसेल तो बोटाएवढा असतानाच काढावा. कंदाची पुंजी कोंब काढण्यात खर्च होते आणि पान न मिळाल्याने भरून येत नाही. अशा रीतीने सावकाराचे दिवाळे काढावे लागते. याला एक वर्ष लागेल, कदाचित दोन लागतील. सांदवाडीत रोज दहा मिनिटे जाणाऱ्या माणसाला ती जाणवत नाहीत, आणि वर्षातून एकदा जाणाऱ्याला दहा वर्षेही पुरत नाहीत.

आणि त्या जागी दुसरे काही लावावे. वेलच हवा असेल तर वेलांचा काय दुष्काळ आहे? वालाच्या शेंगा आहेत, दोडका आहे, तोंडली आहे, कवेलूवर चढून बसणारे कोहळे आहे. हे वेल वर्षभर घराला जेवू घालतात आणि आपला काळ संपला की स्वतःहून वाळून जातात. सुगंध हवा तर जाई आहे. औषध हवे तर कडूनिंबावरचा गुळवेल आहे. गोरगरिबाच्या कुडावर पिढ्यान्पिढ्या हेच वेल चढत आले. ते फुकट मिळतात, म्हणूनच की काय, आपल्याला कमानीवर शोभेसे वाटत नाहीत.

आता दिवाळी होईल, गावोगाव मंडई भरेल, रात्रभर नाटके चालतील, लेकीबाळी माहेरी येतील. परतताना त्या पिशवीत करंज्या नेतील, आणि अंगणातल्या गुलाबी झुबक्यांकडे बोट दाखवून म्हणतील, “आई, याची एक फांदी दे ना.” आपल्याकडे मागितलेले रोप नाकारू नये म्हणतात, त्यात लावणाऱ्याचा हात आखडतो, अशी समजूत आहे. मी म्हणते, ही एक फांदी खुशाल नाकारावी. लेकीच्या सासरी भांडण पाठवायचे नसेल, तिच्या गावच्या तलावात काड्या पाठवायच्या नसतील, तर तिच्या पदरात वालाचे मूठभर बी बांधावे, जाईचे एक रोप द्यावे. तिचा हात आखडणार नाही, उलट तिच्या शेजारणी आपल्याला दुवा देतील.

आणि ज्यांना एवढेही जमणार नाही, त्यांनी निदान एक करावे. तलावाच्या काठाने जाताना त्या जांभळट फुलांकडे पाहून बेशरम हा शब्द ओठावर आला, तर तो गिळून टाकावा. मुळात लावले ते माणसाने, माजू दिले तेही माणसाने. त्या झाडाला बोलता येत नाही, म्हणून ते उलट उत्तर देत नाही, इतकेच.